गर्दीच्या खेळात नवखा स्ट्रीमर दिसणार कसा?

वाराणसी : ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १९व्या शतकात गंगाकाठी बांधलेला येथील शिंदे घाट पाहायला येणाऱ्यांची नजर आधी जाते ती एका बाजूला कललेल्या रत्नेश्वर महादेव मंदिराकडे. घाटाच्या अवजड दगडी बांधकामाचा भार खालच्या जमिनीला पेलला नाही आणि काठ खचला, असे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. व्हिडिओ गेमचे थेट प्रक्षेपण करून प्रेक्षक जोडू पाहणाऱ्या नवख्या तरुणांनाही हाच विचार आधी करावा लागतो. त्यांची जमीन म्हणजे त्यांनी निवडलेला खेळ. तो चुकला, तर महागडा कॅमेरा आणि रोजची मेहनतही फारशी उपयोगी पडत नाही.

बहुतेक जण सर्वाधिक लोकप्रिय खेळापासून सुरुवात करतात. प्रेक्षक जास्त म्हणजे संधी जास्त, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात चित्र उलटे असू शकते. ट्विचसारख्या मंचावर एखाद्या खेळाची प्रक्षेपणे प्रेक्षकसंख्येच्या उतरत्या क्रमाने पाहण्याची पद्धत रूढ आहे. उदाहरणार्थ, एक खेळ एका वेळी ५० हजार जण पाहत असतील आणि ५०० जण त्याचे प्रक्षेपण करीत असतील, तर बहुतांश प्रेक्षक पहिल्या काही नावांपाशीच थांबतात. तीन प्रेक्षक असलेले नवे चॅनेल यादीच्या तळाशी जाते. तेथपर्यंत कोणी पोहोचत नाही. याउलट, कोणीच पाहत नसलेला खेळ निवडला, तर यादीत पहिले येऊनही उपयोग नसतो. म्हणून ज्याला निष्ठावान प्रेक्षक आहेत, पण प्रक्षेपण करणारे मोजकेच आहेत, असा मधला खेळ शोधणे हिताचे ठरते.

याचे भारतातील ठळक उदाहरण बुद्धिबळाचे आहे. २०२०च्या टाळेबंदीत विनोदी कलाकार समय रैना यांनी यूट्यूबवर ऑनलाइन बुद्धिबळाचे प्रक्षेपण सुरू केले. ते व्यावसायिक बुद्धिबळपटू नव्हते. नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्यात सहभागी होऊ लागले. त्याच वर्षी ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये रशियासह संयुक्त सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे ते कर्णधार होते. पुढे विश्वनाथन आनंदही या प्रक्षेपणांत दिसले. बुद्धिबळाचे नियम घराघरांत ठाऊक होते. खेळण्यासाठी पैसे किंवा शक्तिशाली संगणक लागत नव्हता. दोन चालींमध्ये प्रेक्षकांशी बोलायला उसंत मिळत होती. हिंदीत हसतखेळत बुद्धिबळ दाखवणारे तेव्हा मोजकेच होते. मराठीत बोलणाऱ्या नवख्या स्ट्रीमरलाही आपल्या भाषेतील अशी मोकळी जागा शोधता येते.

दुसरा प्रश्न खेळाच्या टिकाऊपणाचा. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲपवर बंदी घातली. त्यात पब्जी मोबाइलचा समावेश होता. तिच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला बीजीएमआय हा खेळ सुमारे वर्षभराने, जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून हटवण्यात आला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली होती. ज्यांचे चॅनेल यांपैकी एकाच खेळावर उभे होते, त्यांच्या प्रेक्षकांना पुन्हा यायला कारणच उरले नाही. त्यामुळे एक मुख्य खेळ ठरवला, तरी त्याच प्रेक्षकांना आवडेल असा दुसरा खेळ आठवड्यातून एकदा तरी दाखवणे शहाणपणाचे असते. प्रेक्षक खेळापुरता आला आहे की खेळणाऱ्यासाठी, हेही त्यातून कळते.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपासून मात्र दूरच राहायला हवे. अशा खेळांना मनाई करणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. या खेळांच्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद त्यात आहे. प्रायोजक मिळाल्याच्या आनंदात नवख्याकडून येथेच चूक होण्याचा धोका असतो. ई-स्पोर्ट्सना या कायद्याने स्वतंत्र मान्यता दिली आहे.

कथाप्रधान खेळाचे गणित वेगळे असते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केलेला आणि २०२०मध्ये आलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ काही बैठकांत संपतो. त्याची छोटी मालिका करता येते. तिला सुरुवात आणि शेवट असल्याने प्रेक्षक पुढच्या भागाची वाट पाहतो. मात्र मालिका संपल्यावर पुढे काय दाखवायचे, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. खेळातील गाण्यांचे हक्कही तपासावे लागतात. प्रक्षेपणात ती वाजल्यास कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. काही खेळांत अशी गाणी बंद करण्याची सोय असते.

तांत्रिक अटीही निवडीवर परिणाम करतात. यूट्यूबवर एकट्याने थेट प्रक्षेपण करण्यासाठी वय किमान १६ वर्षे लागते आणि मोबाइलवरून प्रक्षेपणासाठी किमान ५० सदस्य असावे लागतात. खेळ आणि प्रक्षेपण एकाच यंत्रावर चालवताना चित्र अडखळत असेल, तर खेळ कितीही चांगला असला, तरी प्रेक्षक थांबत नाही.

निवड पारखण्याची रीत साधी आहे. दोन-तीन खेळ निवडून प्रत्येक खेळ ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी काही आठवडे दाखवावा. एखाद्या दिवशी अचानक झालेल्या गर्दीपेक्षा सरासरी प्रेक्षकसंख्या आणि परत येणारी नावे मोजावीत. दहा जण दर आठवड्याला येऊन बोलत असतील, तर तो खेळ त्या चॅनेलसाठी योग्य आहे. आणि एकही प्रेक्षक नसताना जो खेळ तासभर आनंदाने खेळता येत नाही, तो कितीही लोकप्रिय असला, तरी सोडून द्यावा. पहिले काही महिने बहुतेकांना रिकाम्या दालनासमोरच बोलावे लागते.