जुन्या हार्डडिस्कमधला विषाणू

शाळेच्या अडगळीत पडलेला जुना संगणक आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या हार्डडिस्कवर कित्येक वर्षांचे निकाल, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, एखाद्या शिक्षकाने खपून तयार केलेल्या प्रश्नपत्रिका असतात, आणि बरेचदा विषाणूही. माहिती तर हवी, विषाणू नको. मग काय करावे?

विषाणू ही एक आज्ञावली, म्हणजे सूचनांची यादी असते. वहीत पाककृती उतरवून ठेवली म्हणून स्वयंपाक होत नाही. ती वाचून कोणीतरी चुलीपाशी उभे राहावे लागते. तसेच संगणकाने सूचना अमलात आणल्याशिवाय विषाणू काहीच करू शकत नाही. म्हणून 'जरा चालू करून बघू' हेच सर्वांत धोक्याचे!

जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला खण ५१२ बाइटांचा असतो. त्यात ४४६ बाइट सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या तक्त्यासाठी आणि २ बाइट खुणेसाठी. त्या डिस्कवरून संगणक सुरू होताना या सूचना सर्वांत आधी अमलात येतात. मायकेलअँजेलो हा विषाणू येथेच दडून बसे आणि ६ मार्चला, त्या कलावंताच्या जन्मदिनी, संगणक सुरू होताच डिस्कवरील माहितीवर निरर्थक मजकूर लिहू लागे. १९९२ साली त्याचा मोठा बोभाटा झाला होता. हा खण विभागांच्या बाहेर असल्याने विभाग 'फॉरमॅट' करूनही विषाणू तसाच राही.

'मंकी' विषाणू त्याहून बेरकी. तो मूळ खण सांकेतिक रूपात दुसरीकडे हलवी आणि स्वतः चालू असेपर्यंत मागणाऱ्याला मूळ तक्ता दाखवी. डॉसमधील एफडिस्क वापरून पहिल्या खणातील सूचना नव्याने लिहिण्याचा उपाय तेव्हा सर्रास सुचवला जाई. मंकीवर तो केला की विषाणू जाई, पण तक्ता जागेवर नसल्याने माहितीची वाटही बंद होई. आमच्या मते यातच सारे आले: आधी नक्कल, मग सफाई.

संगणक बंद करून, वीज तोडून डिस्क काढावी. इंटरनेट तोडलेला, महत्त्वाचे काही नसलेला दुसरा संगणक पेनड्राइव्हवरील लिनक्सने सुरू करावा. विंडोजसाठी लिहिलेले विषाणू तेथे सहसा चालत नाहीत. मग यूएसबी जोडणीने डिस्क 'केवळ वाचन' पद्धतीने जोडावी आणि संपूर्ण डिस्कची नक्कल घ्यावी, कारण जुनी डिस्क केव्हा दगा देईल सांगता येत नाही. पुढचे काम नकलेवरच. अद्ययावत विषाणूरोधक चालवून फक्त दस्तऐवज व चित्रे उचलावीत. आज्ञावल्या उचलू नयेत. वर्ड-एक्सेलच्या फाइलींतही मॅक्रो असतात. १९९५ चा 'कन्सेप्ट' विषाणू तसाच पसरला. त्या मॅक्रो बंद ठेवूनच उघडाव्यात.

निवडलेल्या फाइली नीट उघडतात याची खात्री झाली, की मूळ डिस्कवर पहिल्या खणापासून शेवटच्यापर्यंत शून्ये लिहावीत. त्याआधी कोणती डिस्क निवडली आहे ते दोनदा पाहावे. मोठ्या डिस्कला काही तास लागतात. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.