पॉलिशच्या चाकाखालून गेलेले सोने

सोन्याच्या जुन्या मनगटी घड्याळाला कधी पॉलिश मारले गेले आहे का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असेच येते. गेल्या शतकाच्या मध्यात घड्याळ सर्व्हिसिंगला टाकले की यंत्र बाहेर काढायचे आणि रिकामी केस बफवर धरायची, हा घड्याळजीच्या कामाचा सरळ भाग होता. लग्नसराईच्या तोंडावर दागिने उजळून घेतात, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे साठ वर्षांचे घड्याळ ‘कधीच पॉलिश न झालेले’ म्हणून छातीठोकपणे विकायला आले, तर ते आधी संशयानेच हातात घ्यावे. तपासायचे असते ते हे, की धातू किती गेला, कोणत्या भागातून गेला आणि मूळचा आकार त्यात कितपत टिकला.

अठरा कॅरटच्या केसमध्ये हजारात ७५० भाग सोने असते. उरलेले मुख्यतः तांबे आणि चांदी. या मिश्रणाने सोने कडक होते, तरी पोलादाच्या मानाने ते मऊच. कारखान्यात केसचे सपाट भाग कडक धातूच्या फिरत्या चकतीवर घासून काढले जात. चकती दबत नाही, म्हणून पृष्ठभाग खरोखरच सपाट येतो आणि दोन पृष्ठभाग जिथे मिळतात तिथे रेघ ओढल्यासारखी कड उमटते. दुरुस्तीच्या दुकानातला बफ मात्र कापडाच्या थरांचा. कापड दबते, कडेवरून पलीकडे वळते आणि सगळा दाब नेमका कडेवरच पडतो. आधी कड जाते, मग तिच्या दोन्ही बाजूंचे सपाट भाग किंचित फुगीर होतात. अठरा कॅरटच्या पिवळ्या सोन्याची घनता घन सेंटिमीटरला साधारण १५.५ ग्रॅम धरली, तर १० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावरून ०.०५ मिलिमीटर थर गेला की पाऊण ग्रॅम सोने कमी होते. सोनार अशी घट तराजूवर पकडतो. घड्याळाचे मूळ वजन सहसा कुणाकडे लिहिलेले नसते, म्हणून इथे तराजूपेक्षा नजरेवरच जास्त भिस्त ठेवावी लागते.

अभ्यासाला ओमेगाचे कॉन्स्टेलेशन हे मॉडेल सोयीचे आहे. ते १९५२मध्ये आले, सोन्यातही निघाले आणि त्याच्या केसवर व डायलवर बारीक पैलू भरपूर आहेत. त्याच्या काही केसना पट्टा अडकवायचे कान मधेच कोन करून खाली वळणारे असतात. संग्राहक त्यांना ‘डॉग-लेग’ म्हणतात. या कानांवरच्या पैलूंची रुंदी शेवटपर्यंत मूळ आखणीप्रमाणे राहिली पाहिजे. चारही कान एकमेकांशी ताडून पाहिले की बफ धरणाऱ्याचा हात कळतो: एका कानाचे टोक बारीक, दुसऱ्याचे जाड, एकीकडे पैलू रुंद, तर दुसरीकडे तो बाजूच्या वळणात विरघळलेला. कारखान्यातून असे वेडेवाकडे कान बाहेर पडत नसत. कानाला आरपार भोके असलेल्या केसमध्ये भोकाचे तोंडही बोलके असते. ते गोल न राहता लांबट किंवा पसरट झाले असेल, तर आजूबाजूचा धातू बराच गेला आहे.

सपाटी तपासायला ट्यूबलाइटसारखे दुसरे साधन नाही. केस हळूहळू तिरकी करत नळीचे प्रतिबिंब कानावरून सरकवावे. चकतीवर घासलेल्या मूळ पृष्ठभागावर ते सरळ येते आणि कडेपाशी एकदम तुटते. बफ लागलेल्या भागावर ते कडेजवळ वाकते, कधी मधेच लाटा घेते.

यानंतर आयग्लास लावून ठसे पाहायचे. स्वित्झर्लंडने १८८०च्या कायद्याने सोन्याच्या केसवर अधिकृत छाप सक्तीची केली: अठरा कॅरटला हेल्व्हेशियाचे मस्तक, चौदाला खार. १९९५पासून त्यांची जागा सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या मस्तकाने घेतली. फ्रान्समध्ये अठरा कॅरटची छाप म्हणजे गरुडाचे मस्तक. हे बारीक ठसे बरेचदा कानांच्या मागे किंवा बाजूला असतात आणि बफ तिथवर सहज पोहोचतो. आधी मस्तकाचे नाक आणि केसांच्या रेघा जातात, मग नुसती बाह्यरेषा उरते. त्याहून पक्की खूण म्हणजे ओढ. चाकाने मऊ धातू ज्या दिशेने रेटला, त्या बाजूची ठशाची कड लांबट ओघळल्यासारखी दिसते आणि समोरची कड तुलनेने शाबूत राहते. असा ओघळ नुसत्या वापराने पडत नाही.

मात्र एकट्या ठशावरून निकाल देऊ नये. छाप हाताने मारलेली असे आणि ती मुळातच उथळ बसल्याची उदाहरणे आहेत. ताळा करायला पाठीचे झाकण उघडावे. आतल्या बाजूच्या ठशांना बफ सहसा लागत नाही, त्यामुळे आतला ठसा खणखणीत आणि बाहेरचा भुताटकीसारखा पुसट असेल तर शंकेला आधार मिळतो. झाकणाच्या आत घड्याळजींनी सुईने कोरलेले बारीक आकडेही सापडतात. दुरुस्तीच्या नोंदी ठेवायची ती त्यांची पद्धत. जितक्या नोंदी, तितके बफचे प्रसंग संभवतात.

कॉन्स्टेलेशनच्या पाठीवर वेधशाळेचा घुमट आणि त्यावर आठ तारे असलेले पदक असते. ते उठावाचे असल्यामुळे झीज इथे पायरीपायरीने वाचता येते. ताऱ्यांची टोके बोथट होणे ही पहिली पायरी, घुमटाच्या बारीक रेघा जाणे ही पुढची. वेधशाळा सपाट डागासारखी झाली असेल, तर कान कितीही नेटके दिसोत, केस चाकाखालून अनेकदा गेली आहे.

पण सगळी झीज पॉलिशची नसते. टेबलाची कड, शर्टचा कफ, खिशाचे तोंड यांना लागणारे भाग वापराने गुळगुळीत होतात. बेझल (काचेभोवतीचे कडे) आणि कान यांच्यामधली खाच मात्र तीक्ष्ण राहते. पॉलिशमध्ये आडोशाच्या जागाही तितक्याच गोलावतात. पोच्याकडेही नीट पाहावे. सोन्याला ठोका बसला की धातू बाजूला सरकून पोच्याभोवती उंचवटा उठतो. हा उंचवटा बोटाला लागत असेल तर ठोका शेवटच्या पॉलिशनंतरचा. तोंड मऊ झाले असेल तर आधीचा. बारीक ओरखड्यांनी भरलेली पण कडा शाबूत असलेली केस ही, मळकट दिसली तरी, चकचकीत गोलगरगरीत केसपेक्षा कितीतरी सरस. विक्रेते नेमके उलटे समजावतात.

रंगाचा पुरावा हळुवारपणे वापरावा लागतो. मिश्रणातले तांबे आणि चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी आणि घामाशी संयोग पावून सोन्यावर तांबूस, तपकिरी, कधी जांभळट झाक चढते. ती डागाडागांनी, कोनाकोपऱ्यांत, ठशांभोवती जमते आणि बफच्या एका फेरीत निघून जाते. तिचे असणे म्हणजे केसला बऱ्याच वर्षांत चाक लागलेले नाही, एवढेच. त्याआधीचे ती काही सांगत नाही. शिवाय रसायनांनी अशी झाक नकलीही आणता येते. नकली झाक सगळीकडे सारखी बसते, अगदी ताज्या ओरखड्याच्या तळाशीसुद्धा.

अलीकडे काम अवघड केले आहे ते लेझर वेल्डिंगने. गेलेल्या कडेवर त्याच कसाच्या सोन्याची बारीक तार वितळवून भर घालतात आणि चकतीवर पुन्हा पैलू पाडतात. हात चांगला असेल तर नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही. विसंगतीच शोधावी लागते: कानाची कड नव्यासारखी पण त्याच कानावरचा ठसा पुसट, तिरप्या उजेडात दिसणारी रंगाची सीमा, सुईच्या टोकाएवढी छिद्रे. अशी केस वाईटच असे नाही, पण ती पुनर्निर्मित आहे आणि खरेदीदाराला तसे सांगितलेच पाहिजे.

मुलाम्याच्या घड्याळांत तपास सोपा असतो. ‘२० मायक्रॉन’ लिहिलेला थर म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. जास्त बफ मारला की कानांच्या टोकांवर आतला धातू दिसू लागतो.

डायलचा प्रश्न केसइतकाच महत्त्वाचा, आणि मुंबईशी त्याचा जुना संबंध आहे. फाव्र-ल्युबा या स्विस घड्याळ कंपनीचा व्यापार एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत होता, शहरात स्विस घड्याळे मुबलक होती, दमट हवेत डायल डागाळत आणि ते नव्याने रंगवून देणारे कारागीर तयार झाले. भडक रंगवलेल्या डायलना परदेशी संग्राहक आज ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ओळख पटवायला मूळ छपाई माहीत हवी. कारखान्याच्या अक्षरांच्या कडा आयग्लासखालीही स्वच्छ राहतात. नव्याने छापलेली अक्षरे जाड, पसरलेली, ओळीतून किंचित हललेली दिसतात. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी मिळत नाहीत, तळाचे ‘स्विस मेड’ गायब असते किंवा भलत्या जागी सरकते.

कॉन्स्टेलेशनचा ‘पाय-पॅन’ डायल मधे सपाट आणि कडेकडे बारा पैलूंनी उतरता असतो. या पैलूंच्या दुमडी मूळ डायलवर धारदार असतात. जुना थर खरवडून नवा रंग चढवला की दुमडी भरतात आणि बोथट होतात. चिकटवलेले तारा, नाव आणि तासांच्या खुणा रंगकामाआधी काढाव्या लागतात. परत बसवताना त्या तिरप्या बसतात किंवा त्यांच्या बुडाशी रंगाची रेघ उरते. डायलच्या परिघावर कानशीने घातलेली छोटी खाच ही डायल रंगवणाऱ्यांची खूण असू शकते. इतके पाहूनही शंका उरली, तर मालकाच्या परवानगीने डायल सुटा करून त्याची मागची बाजू पाहावी: तिथे खरवडल्याचे ओरखडे, उडालेला रंग किंवा कारागिराने कोरलेला क्रमांक सापडतो.