बासर किती लांब?

माझ्या मामेबहिणीच्या मुलीचा अक्षरारंभ बासरला करायचं ठरलं. ती मंडळी नांदेडची. तिकडे मुलांची पहिली पाटी बासरच्या सरस्वतीपुढेच. आजी मात्र आमच्याकडे मुंबईत. पणती पहिलं अक्षर काढताना शेजारी बसायचं, हा तिचा हट्ट. आजीचे गुडघे दुखतात म्हणून मी मोबाइल काढला आणि म्हटलं, "विमानाने जाऊ. दीड तासात हैदराबाद!"

"आणि हैदराबादहून बासर?" आजीने विचारलं.

तिथून हिशेब सुरू झाला.

मुंबई ते हैदराबाद सरळ अंतर साधारण ६२० किलोमीटर. सरळ म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं. विमान ताशी ८०० किलोमीटरने जातं असं धरलं, तर पाऊण तासच लागायला हवा. मग तिकिटावर दीड तास का? कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, नंबर लागण्याची वाट, वर चढणं, खाली उतरणं, गर्दी असेल तर घिरट्या, सगळं त्यात आलं. पूर्ण वेग मिळतो तो मधल्या थोड्या वेळापुरताच. शिवाय वारा. हिवाळ्यात उंचावर वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे हैदराबादला जाताना पाच-दहा मिनिटं वाचतात आणि येताना तेवढीच जास्त लागतात. पावसाळ्यात उलटं होतं.

आता पुढचं. हैदराबादचा विमानतळ शमशाबादला, शहराच्या दक्षिणेला, बासर उत्तरेला. मधे रस्ता सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, म्हणजे पाच तास धरा. घर ते विमानतळ एक तास, तिथे दोन तास आधी पोचणं, उतरल्यावर सामानासाठी अर्धा तास. बेरीज दहा तास! आणि तेही सगळे जागेपणी, चढउतार करत. नांदेडलाही विमानतळ आहे, पण तिथली उड्डाणं कधी चालू, कधी बंद.

आता रेल्वे. मुंबई ते बासर सरळ अंतर सुमारे ५४० किलोमीटर, रुळांवरून मात्र ७०० च्या आसपास. कारण गाडी आधी घाट चढून मनमाडला जाते आणि मग औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत खाली उतरते. मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास झाला. तेव्हा मराठवाडा आणि बासर एकाच संस्थानात होते. आज धर्माबादला महाराष्ट्र संपतो आणि लगेच बासर येतं. आधी जिल्हा आदिलाबाद होता, २०१६ पासून निर्मल.

देवगिरी एक्स्प्रेसने तेरा-चौदा तास लागतात. म्हणजे विमानापेक्षा तीन-चार तास जास्त, पण त्यातले आठ तास झोपेत जातात आणि गाडी एकदाही बदलावी लागत नाही.

आम्ही देवगिरीच पकडली. अक्षरारंभ सकाळी होता, म्हणून एक दिवस आधी निघालो आणि बासरला मुक्काम केला. सकाळी नांदेडला बाकीची मंडळी डब्यात चढली. पोरगी आजीच्या मांडीवर जाऊन बसली, ती बासर येईपर्यंत उठलीच नाही.

तुम्हीही कुठे निघालात की तिकिटावरची वेळ बघून ठरवू नका. घराच्या दारापासून मोजा, आणि सोबत कोण आहे तेही बघा. दुसऱ्या दिवशी पाटीवर 'श्री' जरा वाकडा आला. हात आजीनेच धरला होता.