प्रवाळाच्या जाळीत वाढणारे हाड

अंगठीतील लाल पोवळे व्यापारी घराण्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. ते भरीव असते. उष्ण समुद्रात खडक उभारणारे प्रवाळ त्याच्या दूरच्या भावकीतले. पण त्यांचा सांगाडा आरपार सच्छिद्र, आणि त्या सच्छिद्रतेनेच त्यांना शस्त्रक्रियागृहात आणले.

अपघातात हाडाचा तुकडा गमावला, की ती पोकळी भरण्यासाठी शल्यविशारद बहुधा रुग्णाच्याच कमरेचे हाड घेतात. इलाज उत्तम, परंतु दुसरी जखम होते आणि मिळणारे हाड मोजकेच. पोराइट्स आणि गोनिओपोरा या प्रवाळांची परस्परांना जोडलेली छिद्रे (पहिल्याची सुमारे २००, दुसऱ्याची सुमारे ५०० मायक्रॉन) मानवी हाडातील जाळीशी विलक्षण जुळतात. अडचण द्रव्याची होती. प्रवाळ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, हाडातील खनिज कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीचे. नुसते प्रवाळ शरीरात लवकर विरघळते. १९७४ मध्ये अमेरिकेतील डेला रॉय आणि सारी लिनेहन या संशोधकांनी फॉस्फेटयुक्त पाण्यात, प्रचंड दाब व उष्णता देऊन कार्बोनेटच्या जागी फॉस्फेट बसविले. जाळी होती तशीच राहिली! १९९२ मध्ये तेथील औषध प्रशासनाने अशा द्रव्याला मान्यता दिली.

हे द्रव्य स्वतः हाड निर्माण करीत नाही. इमारतीच्या परांचीसारखे ते उभे राहते. रक्तवाहिन्या व पेशी छिद्रांत शिरतात आणि नवे हाड रचतात. मात्र ते ठिसूळ असल्याने भार पेलणाऱ्या जागी धातूची पट्टी व स्क्रू लागतात.

प्रश्न उरतो तो मूळस्रोताचा. जीवविचारात विद्रुमाची गणना पृथ्वीकायात आहे, आधुनिक जीवशास्त्र त्याला प्राणी मानते. निर्जीव कोणीच म्हणत नाही. भारतात खडक उभारणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे.

जैन कुटुंबांना हा विषय बहुधा दंतवैद्याकडे भेटतो. कृत्रिम दात बसविण्यापूर्वी जबड्यात भरली जाणारी भुकटी गाईबैलांच्या हाडाची, डुकराची, मानवी दात्याची, प्रवाळाची, समुद्रातील लाल शैवालाची किंवा पूर्णतः प्रयोगशाळेत घडविलेली असू शकते. गुरांच्या हाडापासूनची सर्रास वापरली जाते, आणि विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही. प्रयोगशाळेतील कॅल्शियम फॉस्फेट कित्येक रुग्णांना चालते. आपल्याला चालेल का, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारता येते.