नवीन विंडोज टाकलं आणि डोंगल गप्प का झालं?

शिरपूर जैनसारख्या गावात लग्नपत्रिका, बॅनर, पावतीपुस्तकं करणाऱ्या डीटीपीच्या दुकानात गेलात तर एकदा कॉम्प्युटरच्या मागे वाकून बघा. एखाद्या यूएसबी पोर्टमध्ये पेनड्राइव्हसारखं काहीतरी कायमचं खोचलेलं दिसू शकतं. त्यात गाणी भरता येत नाहीत. ते असतं हार्डवेअर लॉक, म्हणजेच डोंगल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी किंवा सीडॅकचं आयएसएम, ही मराठीची सॉफ्टवेअर अशा लॉकसोबत विकली जायची. सीडी कॉपी करणं दोन मिनिटांचं काम, चिप कॉपी करणं अवघड, म्हणून.

सॉफ्टवेअर उघडताना ते डोंगलला एक आकडा पाठवतं. आतली चिप आपल्या गुप्त किल्लीने त्यावर गणित करून उत्तर देते. उत्तर बरोबर आलं तरच प्रोग्रॅम सुरू. आता हा निरोप इकडून तिकडे नेतो कोण? ड्रायव्हर! आणि खरी गोची इथेच आहे.

जुन्या डोंगलचे ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतात. तिथे एक चूक झाली की अख्खं मशीन निळ्या स्क्रीनवर. त्यामुळे ६४-बिट विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने नियम केला की डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर कर्नलमध्ये घ्यायचा नाही. शिवाय ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालतो, पण ३२-बिट ड्रायव्हर चालत नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच येतं. त्यात मेमरी इंटिग्रिटी नावाचं सेटिंग चालू असेल, तर सही असलेले काही जुने ड्रायव्हरही अडवले जातात. म्हणजे सॉफ्टवेअर ठीक, डोंगल ठीक, पण मधला निरोप्याच दाराबाहेर. आणि स्क्रीनवर काय? ‘लॉक सापडलं नाही.’ पैसे मोजून घेतलेला माणूसच बाहेर राहतो, हे मला पटत नाही. पण विंडोजची सुरक्षा ढिली करणं हाही उपाय नव्हे.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हा प्रश्न आता बऱ्याच दुकानांच्या दारात आहे. दुकान तुमच्या काकांचं असेल तर अपग्रेड करण्याआधी डोंगलवरचं कंपनीचं नाव बघा आणि विंडोज ११ साठी ड्रायव्हर आहे का ते तिच्याच वेबसाइटवर तपासा. नव्या काही डोंगलना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, ते कीबोर्ड-माउससाठी विंडोजमध्ये असतो तोच ड्रायव्हर वापरतात. ड्रायव्हर नसेल तर जुनं मशीन इंटरनेट काढून तसंच ठेवा. यूट्यूबवरचा ‘डोंगल क्रॅक’ मात्र नको. अनोळखी माणसाला कर्नलची चावी देण्यासारखं आहे ते.

आणि फाइल्स? जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ च्या जागी खरं तर एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. म्हणून तो मजकूर व्हॉट्सअॅपवर टाकला की गिचमिड दिसते. जुनं मशीन चालू आहे तोवरच मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि पत्रिकांचे पीडीएफ काढून ठेवा.

तुमच्या फोनमध्येही असंच एक कुलूप आहे, वाइडवाइन. एल१ पातळीवर व्हिडिओ प्रोसेसरच्या सुरक्षित भागात उलगडतो, एल३ वर साध्या सॉफ्टवेअरमध्ये. कस्टम रॉमसाठी बूटलोडर उघडला की बऱ्याच फोनमध्ये एल१ चं एल३ होतं आणि नेटफ्लिक्स एचडीत दिसायचं थांबतं. तुमची पातळी कोणती, हे ‘डीआरएम इन्फो’ अॅपमध्ये दिसेल.