मांजरीचं बाळंतपण: हात मागे, डोळे घड्याळावर

मांजरीच्या बाळंतपणात माणसाचं बरंचसं काम कळा सुरू होण्याआधीच उरकलेलं असावं लागतं. एकदा कळा लागल्या की तिला शांतता हवी असते, अंधार हवा असतो आणि फार तर ओळखीचं एक माणूस, तेही जरा लांब बसलेलं. घरची सगळी मंडळी खोक्याभोवती जमली, मुलांनी मोबाइल पुढे केले, की ती कळा थांबवून धरू शकते आणि उठून सरळ पलंगाखाली नाहीतर माळ्यावर निघून जाते. तिथे काही अडलं तर आपला हातसुद्धा पोहोचत नाही.

बोक्याशी संग झाल्यापासून साधारण 63 ते 65 दिवसांनी मांजर विते. दोन-चार दिवस मागेपुढे होतातच. संगाची तारीख बहुधा कुणाला ठाऊक नसते. पण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आचळं गुलाबी आणि टपोरी दिसू लागतात, तिथून अंदाज बांधता येतो. शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढून पोटात पिल्लं किती आहेत ते जरूर मोजून घ्यावं. चार पिल्लं बाहेर आली आणि मांजर निवांत झाली, तरी पाचवं आत राहिलंय का, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात, पंख्याच्या झोतापासून दूर, पुठ्ठ्याचं मोठं खोकं ठेवावं. एका बाजूने ते खाली कापावं, पण छोट्या उंबऱ्याएवढी कड राहू द्यावी. आई सहज आत-बाहेर करते आणि पिल्लं आतच राहतात. तळाला वर्तमानपत्रं, त्यावर धुतलेल्या सुती चादरी. जागा पुसायला फिनेल किंवा डेटॉल वापरू नये. त्यातली फिनॉल जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत आणि ती विषारी ठरतात. साबण आणि गरम पाणी पुरतं.

वेळ जवळ आली की ती खाणं सोडते, चादर उकरते, येरझाऱ्या घालते, कधी धापा टाकते. पुष्कळ मांजरी या अवस्थेत घुरघुरतातही, म्हणून ती मजेत आहे असं समजू नये. पहिलटकरीण असेल तर हा टप्पा चांगला दिवसभरही चालतो. पुढे जोराच्या कळा येतात आणि पातळ पिशवीत गुंडाळलेलं पिल्लू बाहेर येतं. आई पिशवी फाडते, पिल्लाला खरखरीत जिभेने चाटून श्वास घ्यायला लावते, नाळ दातांनी तोडते आणि वार खाऊन टाकते. हे सगळं तिला कुणी शिकवलेलं नसतं. पिल्लू पायाळू आलं तरी घाबरू नये. मांजरांत कितीतरी पिल्लं मागच्या बाजूने जन्मतात आणि सुखरूप असतात.

दोन पिल्लांमध्ये दहा मिनिटांपासून तासाभराचं अंतर पडतं. मात्र मांजरीच्या बाबतीत एक गोष्ट नव्या माणसाला हमखास गोंधळात टाकते. दोन-तीन पिल्लं झाल्यावर ती चक्क थांबते, पिल्लांना पाजते, खाते, झोपते आणि कधीकधी दुसऱ्या दिवशी उरलेली पिल्लं देते. ती स्वस्थ असेल तर ही विश्रांती नैसर्गिक आहे, तरी डॉक्टरांना फोन करून सांगून ठेवावं. काळजीची विश्रांती वेगळी दिसते: मांजर मलूल, पिल्लांकडे लक्ष नाही, स्रावाला दुर्गंधी. जोराच्या कळा वीस ते तीस मिनिटं येऊनही पिल्लू बाहेर पडत नसेल, पिल्लू अर्धवट अडकलं असेल, ताजं रक्त दहा मिनिटं वाहतच असेल, किंवा एकही पिल्लू न येता हिरवट-काळा स्राव सुरू झाला असेल, तर पुढचा विचार गाडीत बसून करावा. रात्री दोन वाजता उघडा असलेला पशुवैद्यकीय दवाखाना कोणता, हे आठवडाभर आधी शोधून ठेवणं ही माझ्या मते या तयारीतली सगळ्यात मोलाची गोष्ट. कळा वाढवण्याचं इंजेक्शन घरी मुळीच देऊ नये. वाट अडलेली असेल तर गर्भाशय फाटू शकतं.

हात पुढे करायची वेळ कधी येते? थकलेल्या किंवा नवख्या आईने मिनिटभरात पिशवी फाडली नाही, तेव्हा. स्वच्छ बोटांनी नाकाजवळून पिशवी फाडावी, तोंड-नाक पुसावं, डोकं किंचित खाली धरून कोरड्या मऊ फडक्याने पाठ आणि छाती चोळत राहावं. पिल्लाने आवाज काढला की ते आईपुढे ठेवावं. नाळ तिने तोडलीच नाही, तर पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर स्वच्छ दोऱ्याने घट्ट बांधून गाठीच्या पलीकडे कापावी. ओढू कधीच नये.

नवजात पिल्लू जेमतेम 100 ग्रॅमचं असतं आणि त्याला कुडकुडून स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही. म्हणून गार पडलेल्या पिल्लाला आधी दूध पाजू नये. फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीजवळ ठेवून हळूहळू ऊब द्यावी, मग आईच्या आचळाला लावावं. गार अंगात दूध पचत नाही. पहिल्या दिवसाच्या चिकाला पर्याय नाही. त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाच्या आतड्यातून शोषली जाण्याची मुदत काही तासांचीच असते. आईला दूध नसेल तर गाईचं दूध न देता मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधभुकटी आणावी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करावं: दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास वाढ हवी. वजन घटलं तर ते पिल्लू रडत नसलं तरी आजारी आहे.

आईवरही लक्ष असू द्यावं. पाजण्याच्या काळात ती थरथरू लागली, चालताना अडखळली किंवा अंग ताठ झालं, तर तिच्या रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असू शकतं. या दुखण्यात सकाळपर्यंत वाट पाहून चालत नाही. एरवी पाजण्याच्या काळात तिला भूक दुप्पट लागते, तेव्हा वाटी भरलेली ठेवावी. आणि पहिले काही आठवडे तिला बोक्यापासून सांभाळावं, कारण पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं दोन महिन्यांची होऊन खायला लागली की तिच्या नसबंदीची तारीख डॉक्टरांकडून घेऊन टाकावी.