भीती, निद्रानाश आणि गांजा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरविणाऱ्या भूकंपाची आठवण मुरुम व उमरगा तालुक्यातील वडीलधाऱ्यांच्या मनातून पुसलेली नाही. अनंत चतुर्दशीचे गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. पडलेली घरे पुढे उभी राहिली. परंतु मनाचे पुनर्वसन घरांइतके सोपे नसते. भिंत हलल्याचा भास, तेच स्वप्न वारंवार पडणे, छपराखाली झोपण्याची धास्ती अशी लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकून नित्य व्यवहारात अडथळा आणू लागली, तर तो आघातोत्तर तणावविकार असू शकतो. अपघात किंवा मारहाण यांनंतरही तो जडतो.

अशा रात्री कशाबशा सराव्यात म्हणून कोणी चिलमीचा आधार घेतो. ‘शंकराची बुटी’ म्हणून तिला मानही मिळतो! गांजातील टीएचसी हे द्रव्य अल्प मात्रेत भीती काही काळ बोथट करते व स्वप्नेही कमी करते. अधिक मात्रेत मात्र तेच द्रव्य धडधड, घबराट व संशय उत्पन्न करते. नित्य सेवनाने मेंदू त्याला सरावतो आणि मात्रा वाढत जाते. खरी मेख पुढेच आहे. सेवन थांबविल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, निद्रानाश व भयंकर स्वप्ने सुरू होतात. पहिल्या आठवड्यात त्यांचा जोर असतो. बहुधा दोन-तीन आठवड्यांत ती ओसरतात. रुग्णाला मात्र जुनाच आजार उलटला असे वाटते आणि चिलीम पुन्हा पेटते.

म्हणूनच ‘आधी व्यसन सोडा, मग भीतीचे पाहू’ हा सल्ला अपुरा ठरतो. दोन्हींवर एकत्रित उपचार हवेत. गांजाचे व्यसन सोडविणारे खास मान्यताप्राप्त औषध नाही. समुपदेशन आणि तज्ज्ञाच्या साहाय्याने त्या आठवणींना क्रमाक्रमाने सामोरे जाणे, हाच मुख्य मार्ग होय.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणी अहवालानुसार देशातील सुमारे ७२ लाख व्यक्तींना गांजा-भांगेच्या दुष्परिणामांसाठी साहाय्याची गरज होती. पोलिसांच्या भयाने पुष्कळ जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. वास्तविक १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ, अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वेच्छेने शासनमान्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास खटल्यापासून संरक्षण देते. उपचार पूर्ण न केल्यास ते काढून घेता येते. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावर मराठीतूनही सल्ला मिळतो.